आमचं गावचं म्युझियम: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

दारात उभं राहून, फोनवर, अगदी लग्नाच्या पंगतीत पान वाढून झाल्यावरसुद्धा लोक आम्हाला तेच प्रश्न विचारतात आणि आम्ही चार जणं चार वेगळी उत्तरं देतो, म्हणून मंडळाच्या मागच्या बैठकीत ठरलं की एकदा सगळं लिहून काढायचं. काही उत्तरं लांब झालीत कारण विषयच तसे आहेत. घाई असेल तर जुन्या कागदांबद्दलचं तेवढं वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

म्युझियम आहे कुठे आणि बघायला काय मिळतं?

गोव्यात फोंडा तालुक्यात, म्हणजे आम्ही ज्याला अंत्रुज म्हणतो तिथे, कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) वरच्या अंगाला एक जुनं चिऱ्याचं घर आहे, त्या घरात. सोप्यावर शेतीची अवजारं आणि भात मोजायची मापं, कुडव, पायली वगैरे. आतल्या दोन खोल्यांत कागद, पोथ्या, जमाखर्चाच्या वह्या, जुने फोटो. रांधपघर जसं होतं तसंच ठेवलंय, चूल, वाटायचा रगडो, आदोळी म्हणजे विळी, तांब्याची भाणां, भिंतीवरचा धूर पण तसाच. माळ्यावर घुमटं आणि शामेळ ही कातडं लावलेली वाद्यं, दशावतारी काल्यातले मुकुट. सोनं-नाणं, राजाचं सिंहासन असलं काही नाही हे आधीच सांगतो, कारण काही लोक लांबून येतात आणि विचारतात की तलवारी कुठे आहेत. तलवारी दोन आहेत. पण आमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू विचाराल तर ती एका घरातली रोजच्या खर्चाची वही आहे, नारळ किती उतरले, पाडेल्याला काय दिलं, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कोणाकडून काय आलं, सगळं मोडीत लिहिलेलं.

वेळ काय, तिकीट किती?

सकाळी दहा ते एक, दुपारी तीन ते सहा, सोमवारी बंद. तिकीट नाही, दाराजवळ पेटी आहे, वाटलं तर टाका. पावसाळ्यात फक्त शनिवार-रविवार, त्याचं कारण खाली दिलंय. चवथीचे पहिले दोन दिवस पूर्ण बंद कारण सगळेच घरी असतात, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची असते.

हे सरकारी म्युझियम आहे का?

नाही, गावातल्या लोकांचं मंडळ आहे. निवृत्त मास्तर, एक सुतार, दोन बँकेतले, कॉलेजची मुलं, असे. सरकारी म्युझियम बघायचं असेल तर पणजीला राज्य संग्रहालय आहे, ओल्ड गोव्यात सेंट फ्रान्सिसच्या मठात भारतीय पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे ते 1964 पासूनचं, तिथल्याच सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं वेगळं म्युझियम आहे. तिन्ही जरूर बघा. ओल्ड गोव्यात आणि पणजीत कदंबांच्या काळातले वीरगळ आहेत, त्यातल्या काहींवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, ती समोर उभं राहून बघायची गोष्ट आहे, मी प्रत्येक वेळी गेलो की त्या दगडांपाशी जास्त वेळ थांबतो.

मग आमची गरज काय? मोठ्या म्युझियममध्ये राजे येतात, देवळं येतात, व्हाइसरॉयची चित्रं येतात. गावात पाणी कोणाच्या वाट्याला किती आणि कोणत्या वाराला, कुळागराचा पाट कोणी बांधला, तापाची साथ आली तेव्हा कोण गेलं, हे तिथे येणार नाही, यायची अपेक्षाही नाही. ते गावानंच सांभाळायचं.

घराबद्दल सांगा ना. हे पोर्तुगीज घर आहे का?

हा प्रश्न दर रविवारी येतो. नाही. गोव्यातलं प्रत्येक जुनं घर पोर्तुगीज नव्हे. फोंडा तालुका मुळात पोर्तुगिजांकडे आला 1763 साली, त्याआधी इथे सोंद्याच्या राजांचा अंमल होता, त्याच्याही आधी आदिलशाही, मधे शिवाजी महाराजांनी 1675 मध्ये फोंड्याचा किल्ला घेतला होता. तिसवाडी, बार्देश, सासष्टी ही जुनी काबिजाद, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला मुलूख, ती सोळाव्या शतकातच गेली, आणि फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण ही नवी काबिजाद, ती अठराव्या शतकात. म्हणजे साधारण सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचा फरक, आणि तो फरक घरात दिसतो.

आमचं घर आतल्या बाजूला तोंड करून बसलेलं आहे. चार बाजूंना खोल्या, मधे राजांगण, राजांगणात तुळस, पावसाचं पाणी चारी बाजूंच्या पागोळ्यांतून मधे पडतं आणि दगडी नाळीतून बाहेर जातं. सासष्टीतल्या ख्रिस्ती भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, घरं बघा, ती रस्त्याकडे तोंड करतात, पुढे बाल्कांव, त्यावर बसायला दोन्ही बाजूंना कट्टे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची सोय. दोन्ही गोंयकारांनीच बांधलेली, त्याच चिऱ्याची, त्याच गवंड्यांच्या हातची.

भिंती इतक्या जाड आहेत की खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसतो. चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, तासता येतो, मग वारा लागेल तसा कडक होत जातो. गिलावा चुन्याचा, आणि तो चुना पूर्वी शिंपले, खुबे भाजून करायचे. मागच्या भिंतीला आमच्या आधी कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता, दिसायला गुळगुळीत, पण चिऱ्यात शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच राहिली नाही, नोव्हेंबर उजाडला तरी भिंत ओली असायची आणि खालून पापुद्रे सुटायचे. ते सगळं छिन्नीनं काढून परत चुना केला. जुनं घर असेल तुमचं तर एवढं ऐका, चिऱ्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका.

देवघराच्या दारावर कावी आहे. चुन्याच्या पांढऱ्या थरावर तांबडी काव माखायची आणि ओली असतानाच कंपासनं, टोकदार सळीनं कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. जवळ जाऊन बघितलं तर एका फुलाच्या मधोमध कंपासच्या टोकाचं भोक अजून आहे. ते भोक मी प्रत्येक मुलाला दाखवतो.

त्या खिडक्यांना काच आहे की काय आहे?

शिंपले. आम्ही करपां म्हणतो. पातळ, चपटा, अर्धपारदर्शक शिंपला, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत सरकवलेला. काच महाग होती तेव्हाची सोय. दुपारी उन्हाचा डोळ्यांना त्रास होत नाही, खोलीत दुधासारखा उजेड येतो. हाच शिंपला झुवारीत चिखलीच्या खाडीत आजही आहे पण वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, काढता येत नाही, आणि येऊही नये. म्हणून एखादं करपं फुटलं की आम्ही जुनी घरं मोडतात तिथून मागून आणतो. गेल्या वर्षी एक खिडकी पुरी करायला अकरा करपां लागली, ती तीन गावांतून गोळा केली. तुमच्याकडे घर पाडताय तर खिडक्या भंगारात देऊ नका, एक फोन करा, आम्ही टेम्पो घेऊन येतो.

फोंड्यातच एवढी देवळं का आहेत?

बाहेरून येणाऱ्यांचा हा प्रश्न, पण आता आमच्याच मुलांनाही माहीत नसतं म्हणून नीट सांगतो.

सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीत देवळं मोडायला सुरुवात झाली, 1560 मध्ये इन्क्विझिशन आलं आणि ते मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत राहिलं. लोकांनी काय केलं, तर देव उचलले आणि नदी ओलांडली. झुवारीच्या पलीकडे, अंत्रुजात, तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य नव्हतं. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. पण सगळेच देव पळून आलेले नाहीत. बांदिवड्याचा नागेश इथलाच, तिथे 1413 सालचा शिलालेख आहे. आज जी मोठी देवळं दिसतात, दीपमाळा, तळी, घुमट, ती पुष्कळशी नंतरची. कवळ्याचं आजचं देऊळ 1738 च्या सुमाराचं, शाहू महाराजांच्या काळातलं. आणि सगळे देव अंत्रुजातच आले असंही नाही, दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला गेला आणि ते देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून घेतलं. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, आणि अजून दर वर्षी तिची मिरवणूक बारा वांगडांच्या (घराण्यांच्या) बारा सत्र्या (छत्र्या) घेऊन कुंकळ्ळीला मूळ जागेवर येते, त्यात हिंदू असतात, ख्रिस्ती असतात, कारण गावची मूळ घराणी, म्हणजे गांवकार, तेच.

आमच्या नकाशात या सगळ्या वाटा धाग्यानं दाखवल्यात. एक आजी आल्या होत्या, नकाशासमोर उभ्या राहिल्या, आपल्या कुळदेवाच्या धाग्यावरून बोट फिरवत नदीपर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. होडीत देव मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला रात्री नदीत काय वाटलं असेल याचा विचार त्या नकाशासमोर येतोच.

घर साफ करताना जुन्या कागदांची पेटी सापडली. काय करू?

आधी काहीच करू नका. खरंच. पुसू नका, उन्हात घालू नका, घडी जबरदस्तीनं उघडू नका आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.

हे कळकळीनं सांगतोय कारण डोळ्यांनी बघितलंय. एका घरातला सुंदर मोडी कागद, खाली शिक्का उमटलेला, मुलानं चांगल्या भावनेनं एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून घेतला आणि मग आमच्याकडे आणला. उष्णतेनं प्लॅस्टिक कागदाच्या तंतूत बसलं, शिक्क्याचा उठाव सपाट झाला, आता ते काढायचं म्हटलं तर कागद फाटणार. मुलाची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तसंच सेलोटेपचं, दोन-चार वर्षांत पिवळा पडतो आणि डाग कागदात कायमचा राहतो.

करायचं काय? पेटी जशी आहे तशी कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा. वाळवी जिवंत आहे का बघा, मातीच्या नळ्या ओल्या दिसल्या तर कागद लगेच दुसरीकडे हलवा पण क्रम तोच ठेवा, म्हणजे जे गाठोडं वर होतं ते वर, जे एकत्र बांधलेलं होतं ते एकत्र. हा क्रम फार महत्त्वाचा. कोणता कागद कोणाबरोबर बांधला होता त्यावरून कळतं की हे एका व्यवहाराचे आहेत, आणि क्रम मोडला की निम्मी माहिती तिथेच गेली, मग कितीही जाणकार माणूस आणा. मोबाईलवर पेटीचा वरून एक फोटो काढा, प्रत्येक थर उचलण्याआधी एक. आणि एका कोऱ्या कागदावर लिहून ठेवा की पेटी कोणाची, कुठल्या खोलीत होती, शेवटचं कोणी उघडल्याचं आठवतं. मग आम्हाला बोलवा.

कागद आम्हाला द्यायलाच पाहिजेत असं अजिबात नाही. बहुतेक लोक देत नाहीत, आम्ही तुमच्या घरी येऊन फोटो काढतो, यादी करतो आणि कागद तुमच्याकडेच राहतात. तुमचं परत तुम्हाला व्यवस्थित बांधून मिळतं, आमच्याकडे प्रत राहते, इतकंच.

आणखी एक, "हे काय, नुसता हिशेब आहे" म्हणून फेकू नका. सनदा, फर्मानं लोक जपतात. हिशेब, लग्नाच्या याद्या, वैद्याच्या औषधांचे चिटोरे, मुंबईहून आलेली पोस्टकार्डं हीच आधी चुलीत जातात. माझ्या स्वतःच्या आजोळी तसं झालं, दोन पोती कागद एका मे महिन्यात पाणी तापवायला वापरले, मी तेव्हा लहान होतो आणि मला त्यातले तांबडे शिक्के आवडायचे म्हणून दोन उचलून ठेवले होते. तेवढे दोनच आज आहेत.

मोडी वाचून द्याल का?

हो, पण रांग आहे. मंडळात मोडी येणारे तिघं, त्यात एकाची नजर आता कमी झालीय. चार-पाच ओळींचा कागद असेल तर आठ-दहा दिवसांत होतो, वही असेल तर महिने लागतात.

मोडीत आधी पूर्ण ओळभर शिरोरेषा मारायची आणि मग खाली बोरूनं हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं, शब्द तोडलेला नसतो, म्हणून सुरुवातीला नुसती जाळी दिसते. तारखा शकात किंवा शुहूर सनात, म्हणजे अरबी वळणाच्या जुन्या कालगणनेत, असतात. शकात 78 मिळवा, म्हणजे शके 1685 म्हणजे 1763. शुहूर सनात आकडे अरबी शब्दांत असतात, सलास, अर्बा असे, ते पाठच करावे लागतात. गंमत बघा, काजळीच्या शाईनं लिहिलेले आपले कागद अजून काळेभोर आहेत आणि त्याच पेटीतले पोर्तुगीज कागद जागोजागी जाळी झालेत, कारण त्यांच्या शाईत लोह असायचं आणि ती शाई हळूहळू कागद खाते.

काही कागद गोंयकानडी लिपीत असतात. दिसायला कानडीसारखी, मजकूर कोंकणी किंवा मराठी. ती वाचणारे फारच कमी आहेत, तसा कागद असेल तर आवर्जून दाखवा. पोर्तुगीज वाचायला गावातल्या दोन वडीलधाऱ्यांची मदत होते, ते पोर्तुगीज शाळेत शिकलेले.

हिवाळ्यात आम्ही मोडीचा वर्ग घेतो, आठ रविवार, फी नाही, बोरू आम्ही देतो. वयाची अट नाही. मागच्या वर्गात सातवीतली एक मुलगी होती आणि ती सगळ्यांच्या पुढे गेली.

आमचं मूळ गाव शोधायचंय, मुंबईला राहतो, आडनाव "कर" लागतं.

कुळावी मंडळी, म्हणजे ज्यांचा कुळदेव इथे आहे अशी माणसं, मुंबई, कारवार, मंगळूर, पार केरळातून येतात आणि बरीच जण थेट "वंशवृक्ष द्या" म्हणतात. तयार वंशवृक्ष आमच्याकडे नसतो. येण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून चार गोष्टी लिहून आणा: कुळदेव कोण, गावचा देव कोण, वांगड कोणता आणि नवस-आंगवण कुठे फेडतात. आडनावावरून मूळ गाव कळतं पण शेवटचा मुक्काम कळत नाही, माणसं गाव सोडून दुसरीकडे गेली तरी आडनाव पहिल्याच गावाचं राहिलं. देवस्थानांकडे महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांच्या, याद्या असतात त्या बघायला लागतात. कुटुंब ख्रिस्ती असेल तर इगर्जेची, म्हणजे चर्चची, बाप्तिस्म्याची पुस्तकं, आणि जुन्या काबिजादीत गांवकारीचे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादीचे कागद.

बाकी सगळ्यात मोठा साठा पणजीच्या पुराभिलेख खात्यात. त्याची सुरुवात 1595 सालची, दियोगु दु कोतु हा पहिला रखवालदार, आणि विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते दप्तर लावलं, त्यातून मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास बाहेर काढला. पिसुर्लेकर सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे. आमच्या वाचनाच्या टेबलावर त्यांचा फोटो आहे.

जमिनीच्या केससाठी तुमच्याकडचा कागद मिळेल का?

बघायला मिळेल, प्रमाणित प्रत मिळणार नाही, तो अधिकार आम्हाला नाही. आणि दोन भावांच्या भांडणात आम्ही कोणाच्याच बाजूनं बोलत नाही, तेवढं समजून घ्या.

शेत नांगरताना मूर्ती मिळाली, किंवा मडक्यात नाणी मिळाली. तुम्ही घ्याल का?

तशीच उचलून आणू नका. जागेवर ठेवा, फोटो काढा, किती खोल होती ते हातानं मोजून लिहा. जमिनीत पुरलेलं धन मिळालं आणि त्याची किंमत 10 रुपयांहून जास्त असली तर कलेक्टरला कळवावं लागतं, हा 1878 चा कायदा अजून आहे. मूर्ती, शिळा, नाणी अशा 100 वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि 75 वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, धंदा करायचा तर परवाना लागतो. आम्ही पुरातत्त्व खात्याला अर्ज करायला मदत करतो, जागेवर येतो, गावकऱ्यांशी बोलतो.

बऱ्याचदा ती गजलक्ष्मी असते, आमची केळबाय, दोन्ही बाजूंना हत्ती. कधी सतीशिळा असते, नुसता काटकोनात मुडपलेला बांगडी भरलेला हात. पूजेत असलेला देव आम्ही म्युझियममध्ये आणत नाही, कोणी आणून दिला तरी ठेवत नाही. त्याची जागा गावात आहे. फोटो, मापं आणि गावाची आठवण तेवढी लिहून घेतो.

आजोबांची पोर्तुगीज नाणी आहेत. किती रुपये येतील?

किंमत आम्ही सांगत नाही, कोणालाच. पण नाणं कसलं ते सांगू. 1958 पर्यंत इथे रुपिया चालायची, एका रुपियेचे 16 तांगे, तांग्याचे 60 रेईस. मग एस्कुदो आले, एका रुपियेला सहा, आणि 1961 ला गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया. घासून चकचकीत करू नका, राख-चिंच तर नाहीच, वरचा थर जातो आणि अक्षरंही.

घुमट वाजवून बघू का?

भिंतीवरचं नको, सोप्यावर ठेवलेलं वाजवा, त्यासाठीच ठेवलंय. जुन्या घुमटांना घोरपडीचं कातडं आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे ते आता चालत नाही, हल्ली बकऱ्याचं लावतात. 2019 मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं. आवाजात फरक पडतो असं जुने वाजवणारे म्हणतात, दोन्ही आवाज आम्ही रेकॉर्ड करून ठेवलेत, कान लावून तुम्हीच ठरवा.

पावसात दोनच दिवस का उघडता?

कारण गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. दार जितक्या वेळा उघडेल तितकी ओल आत.

पहिल्या पावसात आम्ही मोठी चूक केली. कागद भिजू नयेत म्हणून सगळी गाठोडी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून तोंड घट्ट बांधलं आणि निश्चिंत झालो. श्रावणात पिशवी उघडली तर आत पाण्याचे थेंब आणि कागदावर हिरवट-पांढरी बुरशी. कागदात मुळातच ओल होती ती आतच कोंडली गेली. तीन वह्यांची पहिली पानं गेली, ती परत येणार नाहीत. आता लोखंडी कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलीत, कागद सुती कापडात बांधतो, दर शनिवारी एकेक कप्पा उघडून मऊ ब्रशनं झाडतो, श्रावणात उघडीप पडली की खिडक्या उघडतो पण कागद उन्हात घालत नाही, सावलीत वाऱ्यावर. कडुनिंबाचा पाला आणि लवंगा आमच्या आज्या घालायच्या, आम्हीही घालतो. दसऱ्याच्या आधी सरस्वतीपूजनाला सगळ्या पोथ्या एकदा बाहेर निघतात, त्या दिवशी जरूर या, वर्षातला तोच दिवस सगळं एकत्र बघायला मिळतं.

फोटो काढू शकतो?

काढा. कागदांच्या खोलीत फ्लॅश नको.

शाळेची सहल आणायचीय.

एका वेळी तीस मुलं, जास्त नको, माळ्याच्या जिन्यावर गर्दी होते. मुलांना आम्ही आधी रगड्यावर तांदूळ वाटायला बसवतो, मग बाकीचं दाखवतो. अंगणात चुन्यानं ते गोल फिरत जाणारं चक्रव्यूह काढलंय, कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला कातळावर कोरलंय तसं, जे 1993 मध्ये जगासमोर आलं, मुलं त्यावरून चालत मधे जातात. घरी गेल्यावर एक काम देतो, घरातली सगळ्यात जुनी वस्तू शोधा आणि ती कोणी, कधी आणली ते विचारून लिहा. आलेल्या वह्या आम्ही सांभाळून ठेवतो.

पाट्या मराठीत का, कोंकणीत का नाहीत?

दोन्हींत आहेत. वस्तूचं नाव आम्ही ज्या नावानं हाक मारतो तेच, म्हणजे बहुतेक कोंकणी, आणि खालची माहिती मराठीत आणि कोंकणीत. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद आहे. या घरातले लोक चुलीपाशी कोंकणी बोलत होते, वहीत मराठी लिहीत होते, देवळात मराठी कीर्तन ऐकत होते आणि कचेरीत पोर्तुगीज अर्ज देत होते. एक भाषा काढली तर घर अर्धं राहील.

आमच्याकडे वस्तूही नाहीत, कागदही नाहीत. आम्ही काय देणार?

आठवणी द्या. सध्या आम्हाला सगळ्यात घाई याचीच आहे. 19 डिसेंबर 1961 ला, गोवा मुक्त झाला त्या दिवशी, जो दहा वर्षांचा होता तो आता सत्तरीच्या कितीतरी पुढे गेलाय. आदल्या दिवशी दाबोळीवर बॉम्ब पडले, माघार घेताना पोर्तुगिजांनी पूल उडवले, ते आवाज ज्यांनी कानांनी ऐकले ती माणसं अजून आपल्या घरात आहेत, आणि त्यांना कोणी विचारत नाही. भारतानं केलेल्या 1955 च्या नाकेबंदीत काय मिळत नव्हतं, सीमेपलीकडच्या माहेरी जायला किती कागद लागायचे, गोवा महाराष्ट्रात जावं की नाही यावरच्या 1967 च्या जनमत कौलात घरात कोणी कोणाशी बोलणं सोडलं, हे सगळं रेकॉर्ड करतो. मतं विचारत नाही. त्या दिवशी जेवायला काय होतं, दार कोणी लावलं, कुत्रं कुठे होतं, असं विचारतो, मग बाकीचं आपोआप येतं.

एका आजींची तासभराची मुलाखत झाली, शेवटी त्यांनी भाताचं पीठ चाळताना म्हणायची ओवी गायली, ती त्यांच्या सुनेनंसुद्धा कधी ऐकली नव्हती. रेकॉर्डिंगमध्ये मागे कोंबडा ओरडतोय, तो आम्ही कापला नाही.

घरी येऊन रेकॉर्ड करतो, किंवा तुम्ही इथे या. येताना आजीला घेऊन या. पायऱ्या तीनच आहेत, धरायला दांडा बसवलाय, आणि सोप्यावर हात टेकायला होईल अशी खुर्ची आहे.